भरला पाय, रिकामा पाय

केसरबाई बनसोडे रोज सकाळी ऐंशी भाकरी थापायच्या. ज्वारीच्या, कागदासारख्या पातळ, तव्यावर भाजून मग मंद आचेवर कडक केलेल्या. अकराच्या सुमाराला त्या भाकरी सोलापुरातल्याच शुक्रवार पेठेतल्या दुकानात जायच्या आणि तिथून पाकिटात बसून पुण्याला, हैदराबादला, कुणाच्या बॅगेतून दुबईलासुद्धा. केसरबाई स्वतः मात्र गेल्या चार वर्षांत वस्तीबाहेर फारशा कुठं गेल्याच नव्हत्या. माहेर मैंदर्गीला. तिथं भाऊ वारला तेव्हा तेवढ्या जाऊन आल्या, त्याही सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परत. कारण घरी यशवंतराव होते.

यशवंतराव एसटीतले ड्रायव्हर. एकतीस वर्षं सोलापूर डेपोत काढलेली. अक्कलकोट-मैंदर्गीची गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली होती, की कुठल्या खड्ड्याला कुठली बाजू द्यायची ते त्यांच्या हातांना पाठ झालं होतं. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. मग सगळा हात. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या चालू केल्या. गोळ्यांनी थरथर थोडी आवरली, पण चाल बिघडत गेली. पावलं बारीक पडायला लागली. आणि मग ते नवीनच सुरू झालं. चालता चालता उंबऱ्यापाशी आले की पाय थांबायचे. माणूस पुढं झुकायचा, हात चौकटीला, तोंडावर घाम, आणि पाय मात्र फरशीत रुतल्यासारखे.

केसरबाई मग पुढं उभ्या राहून त्यांचे दोन्ही हात धरून ओढायच्या. "चला की. उचला की पाय. एवढासा तर उंबरा हाय." ओढता ओढता कधी ते एकदम अंगावर यायचे आणि दोघंही भिंतीला टेकायची. असं दिवसातनं सहा-सात वेळा. साठ वर्षांची बाई, सकाळभर भाकरी थापून खांदे भरून आलेले, त्यात हा उंच माणूस ओढायचा. अंथरुणाला पाठ टेकली तरी पाठ टेकल्यासारखी वाटायची नाही. कुणी विचारलं, "काय केसरबाई, बरं हाय का?" तर "हाय की" म्हणून पुढं जायच्या. दुसरं काय सांगायचं, ते सुचायला पण अंगात थोडी ताकद लागते.

मागच्या गल्लीतली संघप्रिया शिकून फिजिओथेरपिस्ट झाली होती. पुण्यात एका वृद्धाश्रमात दोन वर्षं नोकरी करून ती सोलापूरला परतली होती आणि एका दवाखान्यात लागली होती. एक दिवस दारातच तिनं हा ओढण्याचा प्रकार बघितला. दोन दिवसांनी येऊन म्हणाली, "आत्या, मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहाला मी विहारात क्लास घेणार आहे. तोल जाणाऱ्या लोकांसाठी. मामांना घेऊन या. फी वगैरे काही नाही."

"सहाला माजा तवा चुलीवर असतो."

"मग आठवड्यातून तीन दिवस तवा अर्धा तास उशिरा चढवा."

केसरबाईंनी मनातून आलेला राग गिळला. आता हे आणि एक काम लागलं, एवढंच त्यांना वाटलं. पण डॉक्टरांनीही व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं, आणि नाही म्हणत बसण्यापेक्षा जाऊन येणं सोपं होतं.

विहाराचा हॉल साधाच. समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंजी, वर तीन पंखे. दहा-अकरा बायका आणि दोन म्हातारे जमले होते. जय भीम झाला. संघप्रिया समोर उभी राहिली.

"आपण जो हळू हळू करायचा चिनी व्यायाम शिकणार आहोत, त्याला ताई ची म्हणतात."

"कुटल्या ताईची?" शेजारच्या विजयमालानं मागून विचारलं. सगळ्या हसल्या.

"आणि त्याच्या आधी अंग मोकळं करायला जे करायचं, ते छीगाँग."

"छी! कसलं गं नाव हे?"

संघप्रियाही हसली. "छी म्हणजे चिनी भाषेत श्वास. आतला जीव म्हणा हवं तर. नाव काहीही असू दे, काम सोपं आहे. आज फक्त उभं राहायचं."

यशवंतराव भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. चार लोकांत तो हात दिसलेला त्यांना चालत नसे. "मी बघतो," एवढंच म्हणाले आणि तोंड खिडकीकडं केलं. केसरबाई त्यांच्या शेजारी बसायला निघाल्या, तर संघप्रियानं हाक मारली.

"आत्या, तुम्ही या इकडं."

"मी कशाला? मी ह्यांना आणलंय. आणि उबं राहायचं मी काय शिकू गं, मी रोजच उबी असती की."

"या तर खरं."

दोन पायांत खांद्यांइतकं अंतर. गुडघे ताठ नाहीत, किंचित सैल. कंबर खाली सोडलेली, जणू उंच स्टुलाच्या कडेला आत्ताच टेकली. टाळू मात्र वर, कुणीतरी दोऱ्यानं हलकेच उचलून धरल्यासारखी. श्वास पोटापर्यंत जाऊ द्यायचा, ढकलायचा नाही. संघप्रिया एकेक सांगत होती आणि केसरबाईंना वाटत होतं, एवढं मनात धरून माणसानं उभं कसं राहायचं? मिनिटभरात मांड्या थरथरायला लागल्या. त्यांनी दात आवळले.

संघप्रिया मागं येऊन उभी राहिली. "खांदे खाली सोडा."

"खालीच हायत."

"नाहीत, आत्या."

तिनं दोन बोटं खांद्यांवर नुसती ठेवली. दाबलं नाही. आणि खांदे खाली आले, चांगले दोन बोटं खाली. तेव्हा केसरबाईंना कळलं की इतका वेळ ते कुठं होते. किती वर्षं तिथं होते कुणास ठाऊक. मानेमागून काहीतरी ऊन ऊन उतरत पाठीत गेलं आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. दुःख झालं म्हणून नव्हे. कशानं आलं तेही त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि घाम पुसल्यासारखं केलं.

"एक नियम लक्षात ठेवा," संघप्रिया सगळ्यांना सांगत होती. "जेवढं जमतं त्याच्या सत्तर टक्केच करायचं. हात शंभरापर्यंत वर जात असेल तर सत्तरला थांबायचं. तीस आपल्यापाशी ठेवायचे."

घरी येताना यशवंतराव म्हणाले, "हवेत भाकरी थापत हुता सगळ्या." मग उंबऱ्यापाशी अडकले, आणि केसरबाईंनी त्यांना ओढलं.

असे दोन महिने गेले. उभं राहणं झालं, श्वासाबरोबर हात वर-खाली करणं झालं, मग वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं आलं. "हा पाय भरला, तो रिकामा झाला. पाऊल उचलायचं ते रिकाम्या पायाचं. भरलेला पाय कधी उचलता येतो का?" संघप्रिया पुन्हा पुन्हा सांगायची. इतकं हळू करायचं, की कुणी दारातून बघितलं असतं तर बायका नुसत्या झुलतायत असं वाटलं असतं. केसरबाईंचं बरंच चुकायचं. सगळ्यांचा डावा तर त्यांचा उजवा. पण तो अर्धा तास कुणी त्यांना काही मागत नसे, एवढ्यासाठी त्या जात होत्या. यशवंतराव खुर्चीवर बसून बघत. घरी मात्र सगळं होतं तसंच होतं. विहारातलं विहारात राहायचं, घरी आलं की परत तेच ओढणं.

एप्रिलच्या अखेरची गोष्ट. ऊन चव्वेचाळीसवर गेलेलं. नळाला पाणी चार दिवसांनी यायचं, ते त्या खेपेला सहाव्या दिवशी आलं, आणि तेही दुपारी बाराला, बारीक धारेनं. घरातल्या नळाला चढेना, म्हणून गल्लीच्या तोंडाच्या नळावर जावं लागलं. केसरबाईंनी घागरी काढल्या आणि दारात आल्या, तर यशवंतराव उंबऱ्यात उभे. न्हाणीत जायला निघाले होते, ती बाहेर आहे. पाय अडकले होते.

"सरका," केसरबाई म्हणाल्या.

ते सरकले नाहीत. त्यांना सरकता येत नव्हतं, हे केसरबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी हात धरून ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओढायला हातच वर होईना. बाहेर नळावर भांड्यांचा आवाज वाढत चालला होता.

"मग ऱ्हावा हितंच उबं!" त्या ओरडल्या. "सगळं मीच करायचं. मीच ओढायचं, मीच भरायचं. ऱ्हावा!"

आणि त्यांच्या काखेखालून वाकून, घागरी घेऊन त्या बाहेर पडल्या.

पाणी भरायला अर्धा तास लागला. येता-जाता दर वेळी त्या त्यांच्या काखेखालूनच वाकून आत गेल्या, घागर ओतली, परत बाहेर आल्या. तोंडाकडं बघितलं नाही. शेवटची घागर ठेवून वळल्या तेव्हा यशवंतराव तसेच उभे होते. चौकटीला धरलेली बोटं पांढरी पडली होती आणि लेंगा ओला झाला होता. केसरबाईंनी स्टूल आणून त्यांना बसवलं, लेंगा बदलला, पाय धुतले.

त्यानंतर आठ-दहा दिवस त्या विहारात गेल्या नाहीत. भाकरी थापल्या, गोळ्या दिल्या, जेवायला वाढलं. यशवंतराव पूर्वी थोडं तरी बोलायचे, गाडीचं, डेपोचं. तेही बंद झालं. घरात दोन माणसं होती आणि आवाज फक्त भाकरीचा.

शेवटी संघप्रियाच आली. केसरबाई पीठ चाळत बसल्या होत्या. यशवंतराव आतल्या खोलीत कॉटवर.

"आत्या, येत नाही तुम्ही?"

"आता न्हाय यायची."

"का?"

केसरबाई चाळत राहिल्या. मग खाली मान घालूनच सगळं सांगून टाकलं. लेंग्यापर्यंत सगळं. "मी तीस वर्सं ह्यांचा डबा भरला. ताप आला तर रात रात बसून काढली. आन् त्या दिवशी माणूस दारात उबा ठिवून पाणी भरत हुती मी. तुज्या त्या शांत उबं ऱ्हाण्याचा काय उपेग झाला मला?"

संघप्रिया त्यांच्या शेजारी खाली बसली. सव्वीस वर्षांची पोर ती. "मला हे कुणी शिकवलेलं नाही, आत्या," ती म्हणाली. आणि पिठाच्या चाळणीकडं बघत राहिली.

तेवढ्यात आतून यशवंतरावांचा आवाज आला. औषधानं आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"आठ घागरी."

दोघींनी वर बघितलं.

"आठ घागरी आनल्या तिनं. मी मोजत हुतो. शेवटच्या तीन खेपंला पाय वढत हुती." मग म्हणाले, "मला तिचा राग न्हाय आला. माजाच आला. उंबरा अडवून उबा राह्यलो मी. गाडी बंद पडून रस्त्यात आडवी व्हावी तसा."

केसरबाईंचा हात पिठात तसाच राहिला.

संघप्रिया उठून आत गेली. "मामा, उठता? आत्ता करून बघू. आत्या, तुम्ही पण या."

तिनं यशवंतरावांना उठवलं, दारापर्यंत आणलं. उंबऱ्यापाशी ते अडकलेच. केसरबाई सवयीनं पुढं होऊन हात धरायला गेल्या.

"ओढू नका. पुढं नाही, शेजारी उभ्या राहा. तोंड त्यांच्यासारखंच दाराकडं करा, हात नुसता त्यांच्या हाताखाली ठेवा. आता तुमचं तुम्ही वजन उजवीकडं न्या. विहारात नेता तसं."

केसरबाईंनी वजन उजव्या पायावर नेलं. मग डाव्या. पुन्हा उजव्या. हातावरचा यशवंतरावांचा हात हळूहळू त्यांच्याबरोबर झुलायला लागला.

"हा भरला," केसरबाई पुटपुटल्या. "हा रिकामा. हा भरला. हा रिकामा..."

"क्लच," यशवंतराव म्हणाले.

"काय?"

"अगं, क्लच दाबल्याबिगर गिअर पडतो का कुटं? तू मला तशीच वढत हुतीस, क्लच न दाबता." आणि डावीकडं वजन आलं तसा त्यांचा उजवा पाय उचलला, उंबऱ्यावरून पलीकडं गेला आणि टेकला.

केसरबाई हसल्या. मग तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. संघप्रियानं मोबाइलमध्ये बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच केलं आणि पाय उचलला नाही. पाच मिनिटं दोघं झुलत राहिली, मग केसरबाईंनी स्टूल आणलं. हे असंच पुढंही होत राहिलं. कधी चटकन जमायचं, कधी अजिबात नाही. पण ओढणं थांबलं, हे खरं. ओढायचं नाही म्हटल्यावर वाट बघायची. आणि वाट बघायची तर वेळ लागतो. ऐंशी भाकरी थापणाऱ्या बाईकडं तो नव्हता.

म्हणून एक दिवस केसरबाईंनी शुक्रवार पेठेत जाऊन दुकानदाराला सांगितलं, "उद्यापासनं पन्नास."

"का हो, बरं नाही का?"

"बरं हाय. पन्नासच."

आणि त्याच आठवड्यात पुण्याला मुलाला, दिपकला, फोन केला. दिपक चांगला मुलगा होता, दर फोनला म्हणायचा, "आई, तुम्ही दोघं इकडंच या." ह्या खेपेला केसरबाईंनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"तितं तिसऱ्या मजल्यावर काय करू आमी? तू महिन्यातनं चार दिवस हितं ये. बापाला आंगूळ घाल, दाढी कर. मला चार दिवस निजू दे."

"आई, तू असं कधी बोलली नाहीस."

"आता बोलती."

पहिल्या महिन्यात दिपक आला. दुसऱ्या महिन्यात कंपनीत काम निघालं म्हणून नाही आला. तिसऱ्यात आला, तेव्हा वडिलांना उंबऱ्यावरून न्यायला त्यालाही शिकवावं लागलं. तो घाई करायचा. यशवंतराव त्याला म्हणाले, "शिकाऊ ड्रायव्हर हाय ह्यो."

विहारात जाणं पुन्हा सुरू झालं होतं. यशवंतराव मग तिथं खुर्चीवर बसूनच हात वर-खाली करायला लागले. आधी उजवा हात झाकून, डाव्यानं. पुढं दोन्ही. थरथरणारा हात वर जाताना सगळ्यांना दिसायचा आणि कुणी बघायचं नाही, म्हणजे प्रत्येकजण स्वतःच्याच पायाचा हिशेब लावण्यात गुंग असायचा. विजयमाला तर दर वेळी तोल जाऊन शेजारणीला धरायची.

ह्याला आता वर्ष होऊन गेलंय. यशवंतराव बरे झाले असं मुळीच नाही. आता घरातही वॉकर लागतो, घास बराच वेळ तोंडात राहतो, आणि डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात. केसरबाईंना सगळा ताई ची अजून येत नाही. सुरुवातीचे चार प्रकार येतात, पाचव्याला त्या दर वेळी चुकतात. संघप्रिया म्हणते, तुम्ही चारच करा. थकवा गेला म्हणावं तर तोही गेलेला नाही. फक्त तो किती आहे हे त्यांना आता कळतं, आणि कुणी "बरं हाय का?" विचारलं तर त्या कधी कधी "न्हाय" म्हणतात.

परवा दवाखान्यातून परत येताना रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. यशवंतराव उतरायला गेले आणि एक पाय खाली, एक पाय आत, असे अडकले. मागं एक टेम्पो येऊन उभा राहिला. भोंगा वाजला. मग आणखी एक. रिक्षावाला तरणा होता, चटकन उतरून काख धरायला आला. "रुको चाची, मैं खींच लेतूँ."

"वढू नगा," केसरबाई म्हणाल्या.

"पीछे गाडियां हैं ना."

"हायत की. थांबतील."

त्या नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. हाताखाली हात ठेवला. गुडघे सैल केले. मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं आणि भोंगे चालूच होते. केसरबाईंनी वजन एका पायावर घेतलं, मग दुसऱ्या. एकदा, दोनदा, किती वेळा ते त्यांनी मोजलं नाही. टेम्पोवाला खिडकीतून काहीतरी बोलला. यशवंतरावांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकला.

"झालं का?" केसरबाईंनी हळूच विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "पाय यायलाय."

आणि जरा वेळानं दुसरा पाय खाली आला.

घरी गेल्यावर केसरबाईंनी त्यांना कॉटवर बसवलं, पाणी दिलं आणि दाराशी फरशीवर पदर अंथरून तिथंच आडव्या झाल्या. चहा झोप झाल्यावर, संध्याकाळी केला.